भास्कराचार्यांचे फडके

मुले पृष्ठफळ-घनफळाची सूत्रे घोकू लागली, की घरातली वडीलधारी मंडळी हळूच दुसऱ्या खोलीत सटकतात. मी तर मराठीचा अध्यापक. माझी सुटका त्याहून लवकर होते! परंतु याच रूक्ष विषयात आपल्याकडे एकदा मोठा रंगतदार वाद झाला आहे.

प्रश्न साधाच. चेंडूला अगदी बेताचे कापड चढवायचे, तर किती लागेल? आठव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या लल्लाचार्यांनी सांगितले : चेंडूएवढ्या व्यासाच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ काढा आणि त्याला परिघाने गुणा. लल्ल म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे. त्यांच्या ग्रंथावर खुद्द भास्कराचार्यांनी टीका लिहिली आहे. (टीका म्हणजे भाष्य, हल्लीची नव्हे!)

‘लीलावती’तल्या उदाहरणातला गोलच घ्या. व्यास ७, परीघ सुमारे २२, वर्तुळाचे क्षेत्रफळ साडेअडतीस. लल्लांच्या हिशेबाने कापड लागेल ८४७!

भास्कराचार्यांनी ११५० साली ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला आणि त्यावर स्वतःच भाष्यही लिहिले. तेथे ते म्हणतात, अर्ध्या परिघाएवढ्या व्यासाचे एक गोल फडके घ्या आणि अर्ध्या गोलावर पांघरा. कडेला चुण्या पडतात. म्हणजे फडके गरजेहून मोठेच. आपल्या उदाहरणात फडक्याचा व्यास ११, क्षेत्रफळ सुमारे ९५. दोन फडक्यांचे १९०. खरे उत्तर याहूनही कमी. मग ८४७ कोठून आले? लोणच्याच्या बरणीला दादरा बांधणाऱ्या कोणत्याही गृहिणीला पटावा असा हा युक्तिवाद! ज्यांच्या ग्रंथावर भाष्य केले, त्यांनाच असे स्वच्छ शब्दांत खोडायचे, याला धैर्य लागते.

आचार्यांचे उत्तर : परीघ गुणिले व्यास, म्हणजे १५४, वर्तुळाच्या बरोबर चौपट. त्यासाठी त्यांनी आवळा डोळ्यांपुढे आणला. आवळ्यावर देठापासून बुडापर्यंत रेघा असतात, तशा फाका गोलावर कल्पून एका फाकेचे क्षेत्रफळ तुकड्यातुकड्यांनी मोजले.

घनफळाला त्यांनी पृष्ठापासून मध्यबिंदूपर्यंत निमुळत्या होत जाणाऱ्या सुया कल्पिल्या. सुईचे घनफळ म्हणजे तळ गुणिले उंचीचा तिसरा हिस्सा. सगळ्यांची बेरीज पृष्ठफळ गुणिले व्यास, भागिले सहा : सुमारे १८०. आर्यभटांच्या ४९९ सालच्या नियमाने हेच २३९ येते.

आचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापिला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे सापडला. पाटणादेवीच्या यात्रेला जाणाऱ्यांपैकी किती जणांना तो ठाऊक असेल, कोण जाणे!