न्यू इंग्लिश स्कूलचे १८८२ साल

विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी जानेवारी १८८० मध्ये पुण्यात स्थापन केलेली न्यू इंग्लिश स्कूल ही मुलांची खाजगी शाळा, म्हणजे सरकारी व्यवस्थापनाबाहेर एतद्देशीयांनी स्वतःच्या हिमतीवर चालवलेली संस्था, १८८२ मध्ये जेमतेम तिसऱ्या वर्षात होती. मात्र त्या एका वर्षात तिच्या वाट्याला जे आले, ते एखाद्या जुन्या संस्थेलाही पेलणे अवघड होते. १७ मार्च रोजी चिपळूणकरांचे अकाली निधन झाले. शिवाय कोल्हापूर संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविषयी ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांत आलेल्या मजकुरावरून अब्रुनुकसानीचा खटला उभा राहून जुलैमध्ये या पत्रांचे संपादक असलेल्या टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर या शाळेच्या दोन्ही शिक्षकांना चार महिन्यांची साधी कैद, म्हणजे सक्तमजुरीविना तुरुंगवास, झाली आणि मुंबईतील डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते ऑक्टोबरच्या अखेरीस सुटले.

शाळा बंद पडली नाही, याचे श्रेय प्रामुख्याने वामन शिवराम आपटे यांना द्यावे लागेल. पुढे संस्कृत-इंग्रजी कोशकार म्हणून ख्याती पावलेल्या या शिक्षकाने अध्यापनाची घडी विस्कटू दिली नाहीच, शिवाय भारतातील शिक्षणस्थितीच्या चौकशीसाठी त्याच वर्षी नेमलेल्या हंटर आयोगापुढे खाजगी शिक्षणसंस्थांची बाजूही मांडली. आयोगाचे अध्यक्ष विल्यम हंटर यांनी शाळेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. शाळेचे दोन चालक तुरुंगात जाऊन आले, त्याच वर्षी तिला सरकारी आयोगाच्या अध्यक्षांकडून ही पावती मिळाली, हा योगायोग मोठा बोलका आहे.