लेखांक सातवा : परवलीचा शब्द आणि त्याचे विस्मरण

मागील लेखांकात मिळकतकर, वीजबिल आणि भविष्यनिर्वाह निधी ही तीन प्रकरणे घरबसल्या मोबाइलवरून कशी निकालात काढावीत याचे विवेचन केले, ते वाचकास आपला पासवर्ड आठवतो असे धरून. निगडी प्राधिकरणापासून चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत पसरलेल्या आपल्या या औद्योगिक मुलखाचे ज्याने थोडेबहुत निरीक्षण केले असेल, त्यास हे गृहीतक किती धाडसाचे आहे हे निराळे सांगावयास नको. मिलिमीटरच्या शतांशापर्यंतची मापे ज्याला तोंडपाठ आहेत आणि वीस वर्षांपूर्वीच्या जॉबचे ड्रॉइंग जो डोळे मिटून सांगू शकतो, तोच भोसरीचा टर्नर पीएफचे पासबुक उघडावयास बसला की पहिल्या प्रयत्नात मुलीचे, दुसऱ्यात मुलाचे आणि तिसऱ्यात कुलदैवताचे नाव घालून पाहतो, आणि खाते कुलूपबंद झाले म्हणजे ‘सर्व्हर डाऊन आहे’ असा निर्वाळा देऊन चहाला निघून जातो.

पासवर्ड निवडण्याची आपल्याकडील रीत मूलतः भाविक आहे. चिंचवडगावात मोरया, आळंदीच्या बाजूस माउली, देहूकडे तुकोबा, आणि त्यापुढे ॲट हे चिन्ह व एक-दोन-तीन हे आकडे, असा जणू ठरीव मसुदाच झाला आहे. ज्यांस दैवताला या प्रपंचात ओढणे प्रशस्त वाटत नाही, ते एमएच चौदा या अक्षरांनी आरंभ करून आपल्या मोटारसायकलचा क्रमांक पुढे जोडतात, जो क्रमांक त्याच मोटारसायकलच्या मागेपुढे, रात्रीही वाचता यावा अशा बेताने, रंगविलेला असतो. भक्तीविषयी कोणास आक्षेप असण्याचे कारण नाही. अडचण एवढीच की चोरही पुष्कळदा याच मुलखाची माहिती बाळगून असतो, आणि त्याच्या संगणकास मोरयाचे नाव घेण्यास मुळीच कष्ट पडत नाहीत. अर्थात मराठी माणूसच तेवढा आळशी, असे वाटून घेण्याचेही प्रयोजन नाही. जगभर गळालेल्या पासवर्डांच्या ज्या याद्या प्रसिद्ध होतात, त्यांत एकपासून सहापर्यंतचे आकडे ओळीने लिहिणारांचा वर्ग नेहमी अग्रभागी असतो. सरकारनेही या बाबतीत फारसा उच्च आदर्श घालून दिलेला नाही. आधारची जी प्रत संगणकावर उतरवून घेता येते, तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार मोठी इंग्रजी अक्षरे आणि जन्माचे वर्ष, असा जाहीर नियम आहे. तेव्हा ज्यास आपल्या पन्नाशीच्या समारंभाचे निमंत्रण गेले, अशा प्रत्येक इसमाजवळ ती किल्ली आहेच.

आता चोर नेमके काय करतो ते पाहू. कोणतीही शहाणी संस्था आपला पासवर्ड जसाच्या तसा दप्तरी ठेवीत नाही. ती त्याचे गणिती दळण करून पीठ तेवढे ठेवते. ज्वारीचे पीठ होते, पिठाची ज्वारी होत नाही. ते पीठ चोरीस गेले म्हणजे चोर आपल्या घरी स्वस्थ बसून एकामागून एक दाणे दळतो आणि कोणाचे पीठ जुळते ते ताडून पाहतो. इंग्रजीच्या सव्वीस लहान अक्षरांतून आठ अक्षरी शब्द जितके बनू शकतात, त्यांची संख्या सुमारे २०,८८३ कोटी भरते. हा आकडा ऐकून आपली छाती दडपते, परंतु दळण हलक्या प्रतीचे असेल तर सेकंदाला हजार कोटी शब्द ताडणारी सामग्री आज दुर्मीळ राहिलेली नाही, आणि तिला या साऱ्या कामास एकवीस सेकंद पुरतात. तीच अक्षरे सोळा केली तर त्याच सामग्रीस १ लाख ३८ हजार वर्षे लागतील. लांबी दुप्पट केल्याने चोराचे काम दुप्पट न होता अशा रीतीने त्याच्या कित्येक जन्मांपलीकडे जाते, हे ध्यानात आले की अर्धे शास्त्र हस्तगत झाले. मात्र अक्षरे स्वैर हवीत. मोरया हा शब्द लागोपाठ तीनदा लिहून पंधरा अक्षरे भरविणारास ही मुदत लागू नाही.

मग एक मोठे अक्षर, एक लहान अक्षर, एक आकडा आणि एक वेडेवाकडे चिन्ह यांची जी सक्ती आपणांवर होत आली, ती कोणी केली? अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकसंस्थेतील बिल बर या अधिकाऱ्याने २००३ साली एक मार्गदर्शिका लिहिली. तीत अशी सरमिसळ करावी व पासवर्ड वरचेवर बदलावा अशी शिफारस होती, आणि जगातील यच्चयावत संगणक-खात्यांनी ती फर्मान समजून शिरोधार्य मानली. याच बर यांनी निवृत्तीनंतर, २०१७ साली, आपण तेव्हा सांगितलेल्या पुष्कळ गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो असे वृत्तपत्राजवळ बोलून दाखविले, आणि त्याच वर्षी त्या संस्थेने नवी मार्गदर्शिका काढून चिन्हांची सक्ती व मुदतीचा फेरा या दोन्हींविरुद्ध कौल दिला. लांबीस महत्त्व द्यावे, आणि पासवर्ड फुटल्याचा पुरावा असल्यावाचून तो बदलावयास लावू नये, असा तिचा आशय आहे. हे वर्तमान चाकणच्या कित्येक कारखान्यांत अद्याप पोचावयाचे आहे. तेथे नव्वद दिवस भरले की संगणक नवा पासवर्ड मागतो, आणि मोरया-एकचा मोरया-दोन, दोनचा तीन, असा वंशविस्तार चालू राहतो. एखाद्याच्या मोरयास सत्तेचाळीसावा आकडा लागलेला दिसला तर त्याच्या सेवाज्येष्ठतेविषयी निराळा दाखला मागण्याची गरज उरत नाही.

लाइनवरच्या सामाईक संगणकाची कथा याहून निराळी. फर्स्ट शिफ्टच्या सुपरवायझरने ठेवलेला पासवर्ड सेकंडला कळावा म्हणून मॉनिटरच्या खालच्या काठाशी पिवळी चिठ्ठी चिकटवितात. ग्रीसच्या बोटांनी ती पुसू नये म्हणून वरून पारदर्शक टेप मारतात. थर्ड शिफ्टच्या कोणी नवशिक्याने तरीही विचारू नये म्हणून शेजारी बाणाची खूण करतात. आणि ऑडिटची तारीख आली म्हणजे तेवढा एक दिवस ती चिठ्ठी अदबीने सोलून ड्रॉवरमध्ये ठेवतात. व्यवस्थापकांनी यावर कामगारांस दोष देऊ नये. तीन पाळ्यांच्या माणसांस एकच खाते देणाऱ्याने ती चिठ्ठी स्वतःच लिहिली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तथापि शब्द कितीही दीर्घ असला तरी पहारा जिंकण्याचे आणखी दोन मार्ग राहतात, आणि दोहोंचे दाखले आपल्या पंचक्रोशीच्या इतिहासात आहेत. १६६० च्या पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्याने चाकणचा संग्रामदुर्ग जवळजवळ दोन महिने लढविला. शायिस्तेखानास भुईकोटाचा दरवाजा उघडता आला नाही. त्याने बुरुजाखाली सुरुंग लावून बुरुजच उडविला. तीन वर्षांनी, ५ एप्रिल १६६३ च्या रात्री, त्याच खानाच्या पुण्यातील छावणीत शिवाजी महाराजांची माणसे शिरली ती सुरुंगावाचून. कोणी म्हणतात लग्नाच्या वरातीच्या मिषाने, कोणी म्हणतात आपण छावणीतलेच दख्खनी शिपाई असे पहारेकऱ्यांस सांगून. काहीही असले तरी पहारा झोपला नव्हता, त्याची समजूत पटविण्यात आली होती.

यांतील दुसऱ्या मार्गाचे आधुनिक रूप २००५ साली पुण्यातच उघडकीस आले. एम्फसिसच्या कॉल सेंटरशी संबंधित काही तरुणांनी सिटी बँकेच्या अमेरिकन ग्राहकांकडून, मदत करतो असे गोड बोलून, त्यांचे गुप्त आकडे काढून घेतले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातील खात्यांकडे वळविले. अशा कचेरीत कागद-पेन नेण्यास मनाई आणि जाता-येता झडती. म्हणून त्यांनी ते आकडे चक्क पाठ केले आणि बाहेर येऊन सायबर कॅफेत वापरले, असे त्या वेळच्या वृत्तांतांत सांगितले होते. ज्यांचे खाते होते त्यांनी आकडा सांगून टाकला, आणि ज्यांनी तो पाठ केला ते चोर निघाले! स्मरणशक्तीचा इतका उत्कृष्ट आणि इतका निंद्य उपयोग आपल्या परिसरात क्वचितच झाला असेल. सुरुंगाचा मार्ग २०१८ च्या ऑगस्टात दिसला. कॉसमॉस बँकेतून तीन दिवसांत ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली, त्यांतील बरीचशी २८ देशांतील एटीएममधून. तेथे ग्राहकांच्या पिनवर डोके फोडीत न बसता चोरांनी होकार देणारी यंत्रणाच बनावट उभी केली होती. अशा प्रसंगी ग्राहकाचा पासवर्ड सोळा अक्षरी होता की चार, याला काही अर्थ उरत नाही. बँकेचा बुरुज बँकेने राखावयाचा. आपणांस राखावयाची ती वरातीपासून आपली देवडी, आणि फोनवर केवायसी, पार्सल किंवा वीज तोडण्याची भीती घेऊन येणारी प्रत्येक मंडळी वरातीतलीच समजावी.

या देवडीवर अलीकडे ओटीपी नावाचा आणखी एक पहारेकरी नेमण्यात आला आहे, त्याचीही तऱ्हा पाहण्याजोगी आहे. ५०,००० रुपयांवरील माल परराज्यात धाडावयाचा तर ई-वे बिल लागते, आणि १ एप्रिल २०२५ पासून त्या पोर्टलवर सर्वच करदात्यांस पासवर्डाखेरीज ओटीपी द्यावा लागतो. एमआयडीसीतील एखाद्या छोट्या वर्कशॉपात बुधवारची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी गुरुवारची सुट्टी, गाडी भरून उभी, ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून हॉर्न देतो आहे. नोंदलेला मोबाइल शेठचा, आणि शेठ मोशीच्या मंगल कार्यालयात पुतणीच्या लग्नात, बँडच्या अगदी समोर.

“शेठ, ओटीपी आला का?”

“कोण आला?”

“ओटीपी, ओटीपी! सहा आकडे!”

“अरे, जेवूनच ये म्हणावं त्याला!”

तेवढ्यात मुदत संपते. यावर उपाय असा की, त्याच पोर्टलवर मुख्य खात्याखाली कारकुनाच्या नावे सब-यूजरचे स्वतंत्र खाते काढता येते आणि त्याचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर येतो. शेठ लोकांस हे पसंत पडत नाही, कारण आपल्यावाचून गाडी हलते ही कल्पनाच त्यांस क्लेशकारक होते. परंतु शास्त्र याच बाजूस आहे.

राहता राहिला पासवर्ड घडविण्याचा प्रश्न. अर्नोल्ड राइनहोल्ड या अमेरिकनाने १९९५ साली सुचविलेली रीत मला सर्वांत सुबोध वाटते. पाच फासे टाकावेत, जे पाच आकडे पडतील त्यांवरून ७,७७६ शब्दांच्या क्रमांकित यादीतील एक शब्द घ्यावा, आणि असे पाच-सहा शब्द ओळीने लावावेत. पाच शब्द झाले की वर सांगितलेल्या सामग्रीस सारे पर्याय संपविण्यास सुमारे ९० वर्षे लागतात. चार शब्दांवर थांबलात तर अवघे चार दिवस, म्हणून पाचव्याचा कंटाळा करू नये. ज्यांच्या घरी दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचा एखादा खंड धूळ खात असेल, त्यांनी तो डोळे मिटून पाच ठिकाणी उघडावा आणि बोट पडेल तो शब्द निमूटपणे स्वीकारावा. समजा, पागोटे, डबके, रंधा, वाटाणा आणि सबब असे शब्द निघाले. पागोटे घातलेला कोणी इसम डबक्यात उभा राहून रंधा मारीत आहे आणि काम अपुरे राहिल्याची सबब म्हणून वाटाणा दाखवीत आहे, हे दृश्य एकदा मनात उमटले म्हणजे ते पुसून टाकणेच कठीण. (हा नमुना छापला गेल्यामुळे बाद समजावा.) आपल्या पसंतीस वाव देऊ नये, एवढे पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे, पसंतीस वाव मिळाला की पाचांपैकी दोन शब्द मोरया आणि माउली निघतात.

येथे मराठी माणसास एक खास विघ्न आहे. शब्द आठवतो, पण तो इंग्रजी अक्षरांत आपण कसा लिहिला होता ते आठवत नाही. वाटाण्याच्या ‘टा’त ए एकदा की दोनदा, झाडाचा झ झेडने की जे आणि एचने, विहिरीतील वेलांटीस आय की दोन ई, यांवर घरोघर वादंग माजतात आणि तीन प्रयत्न शुद्धलेखनातच खर्ची पडतात. म्हणून आधी आपला एक कायदा करावा, उदाहरणार्थ कोणतेही अक्षर दोनदा लिहावयाचे नाही, आणि तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

होय, वहीच्या. पासवर्ड कागदावर लिहू नये असे जे सांगितले जाते ते कचेरीतील मॉनिटरपुरते खरे मानावे. सातासमुद्रापलीकडील चोरास आपल्या कपाटातील, सातबाऱ्याच्या फायलीखाली ठेवलेली वही चाळता येत नाही. पण एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरला असेल आणि त्यांपैकी एखादे साडीचे दुकान फुटले, तर उरलेली नऊ दारे तो बसल्या जागी उघडून पाहतो. ज्यांस मोबाइल हाताळण्याचा सराव आहे त्यांनी पासवर्ड मॅनेजर वापरावा, तो प्रत्येक खात्यास निराळा शब्द स्वतःच घडवून ध्यानात ठेवतो. इतरांनी वही बिनदिक्कत करावी. ईमेलचा पासवर्ड सर्वांत लांब असावा, कारण अन्य सर्व खात्यांची विसरलेली किल्ली त्याच पत्त्यावर परत येते. एटीएमचा पिन वहीतसुद्धा नको. आणि पैसे गेल्याचे लक्षात येताच नातलगांशी मसलत करीत न बसता १९३० हा क्रमांक फिरवावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम मधल्या खात्यांत अडविण्याचा संभव अधिक.

वहीचे ठिकाण घरातील आणखी एका माणसास ठाऊक असणे अगत्याचे आहे, आणि याच ओघात पुढील आठवड्यात भविष्यनिर्वाह निधीच्या ई-नामनिर्देशनाचे प्रकरण हाती घेऊ. त्यासाठी वारसाचे आधार, बँकेचे पासबुक आणि फोटो वाचकांनी आताच काढून ठेवावेत. लॉगिन तोवर सुरू झालेले असावे, अशी अपेक्षा आहे.