काठावरच्या मुलांची शिकवणी

ऑक्टोबर 2024 मध्ये राज्याच्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद गाजली. दहावीला गणित-विज्ञानात 35 ऐवजी 20 गुण पडले तरी अकरावीला जाता येईल; फक्त पुढे हे विषय घेता येणार नाहीत, असा शेरा मिळेल. अनेकांना त्यात मुलांची कणव दिसली. डोंबिवलीत दहावीच्या शिकवण्या घेत म्हातारा झालेल्या मला मात्र तो शेरा झोंबला.

का, ते सांगायला थोडं मागे जायला हवं. ऐंशीच्या दशकातल्या शिकवण्यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पोराला शिकवणी लावली, हे तेव्हा आईबाप हळू आवाजात सांगत.

खरा काळ नव्वदीचा. गणिताला 150 गुण, बीजगणित आणि भूमितीचे पेपर वेगळे. दिवेलागणीला आमच्या चाळीतल्या बाहेरच्या खोलीत सतरंजी पडायची. येणारी मुलं बहुतेक काठावरची, आणि त्यांचं दुखणं दहावीचं नसायचंच. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश, असं बिनधास्त लिहिणारा मुलगा वर्गसमीकरणात अडला की सगळे म्हणत, याला डोकंच नाही. डोकं होतं, अपूर्णांक कच्चे राहिले होते. दिवाळीपर्यंत मी तेच घोटून घ्यायचो. पालक कुरकुरत, ‘सर, पोर्शन कधी सुरू करणार?’

भूमितीत पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असा शिरस्ता. एकदा स्पर्शिकेच्या रायडरवर सगळे गप्प बसले होते. सहामाहीत नापास झालेल्या एका मुलीनं पट्टी ठेवली आणि वर्तुळकेंद्रापासून स्पर्शबिंदूपर्यंत तुटक रेघ ओढली. ‘सर, इथं काटकोन होतो ना?’ पुढची सिद्धता तिनं एकटीनं लिहिली. रचना सुचण्यातला हा आनंद कुठल्याही ‘21 अपेक्षित’ प्रश्नसंचात मिळत नव्हता.

त्या दशकाचे गोडवेच गायचे नाहीत. शाळेच्या वर्गात निम्मं शिकवून उरलेलं स्वतःच्या क्लासात विकणारे एक सर गावात होते. त्यांच्याकडची मुलं माझ्याकडे आली, की शाळेत त्यांना फळ्याशी उभं करून टोमणे मारत. निकालानंतर वर्तमानपत्रांत गुणवत्ता यादीतल्या मुलांचे फोटो झळकत. एकच चेहरा दोन क्लासांच्या जाहिरातीत! काठावरून पास झालेल्यांचे पेढे मात्र चाळीतच वाटले जात.

नंतरची वर्षं नुसत्या बदलांची. गुणवत्ता यादी बंद झाली. सामान्य गणिताचा पर्याय आला आणि गेला. 2010 पासून ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’मुळे गणित टक्केवारीतून वगळता येऊ लागलं. 2021 मध्ये तर परीक्षाच झाली नाही. दरम्यान आठवीपासून ‘फाउंडेशन’चे क्लास निघाले. 16 वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नका, असं केंद्रानं जानेवारी 2024 मध्ये बजावलं. आमच्या स्टेशनबाहेरचे फलक जागचे हलले नाहीत. या क्लासांना प्रवेश परीक्षा मारणारी मुलं हवीत. अपूर्णांकात अडलेल्या मुलावर वर्ष घालवायला तिथं कुणाला वेळ आहे?

म्हणजे हुशारांना वातानुकूलित क्लास आणि काठावरच्यांना शेरा. याला कणव म्हणत नाहीत, अंग काढून घेणं म्हणतात. शेरा मारायचाच असेल, तर त्याआधी आठवीत आलेल्या प्रत्येक मुलाचे अपूर्णांक एकदा तपासा आणि कच्चे असतील तर शाळेतच, शाळेच्या वेळात, पक्के करून घ्या. मग 20 गुणांची मेहेरबानी बहुतेकांना लागणारच नाही.