भुसभुशीत बर्फावरचं हलकं पाऊल

गुलमर्गचा गोंडोला जवळजवळ ४,००० मीटर उंचीवर नेऊन सोडतो. त्यापलीकडचे अफरवटचे उतार गाठायचे, तर स्वतःच्या पायांनीच चढावं लागतं. म्हणून स्की निवडताना पहिला प्रश्न वजनाचा.

दुसरा प्रश्न रुंदीचा. ताज्या, भुसभुशीत बर्फात बूट मांडीपर्यंत रुततो. स्की रुतत नाही, कारण भार पसरतो. मधोमध ११० मिलिमीटर रुंद आणि १८० सेंटिमीटर लांब स्कीच्या जोडीचं क्षेत्रफळ बुटांच्या तळव्यांच्या सहापट तरी भरतं. शेपटीही टोकासारखी वर वळलेली असेल, तर उडी मारून उलटं उतरता येतं.

बाइंडिंग म्हणजे बूट आणि स्कीचा सांधा. ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी १९८०च्या दशकात पिनची हलकी बाइंडिंग घडवली. बुटाच्या चवड्याशी दोन बाजूंना असलेल्या खळग्यांत दोन पिना खटकन बसतात; टाच मोकळी राहते. चढताना हे वरदानच, पण उडीनंतरचा धक्का ती कमी पचवते. उड्या मारणाऱ्यांनी म्हणूनच चढताना पिनांवर चालणारी आणि उतरताना चवडा-टाच घट्ट धरणारी मिश्र बाइंडिंग घ्यावी.

स्कीवर वाचवलेलं वजन बर्फाखाली गाडलेल्याचा माग देणारा ट्रान्सीव्हर, शोधकाठी आणि फावडं यांच्यासाठी राखावं. हिमस्खलनात सोबत्याचा जीव त्यांच्यावरच अवलंबून असतो.