शतायुषी लेखाशास्त्रज्ञ विल्यम पेटन

१८८९ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात जन्मलेले आणि वयाची १०१ वर्षे पूर्ण करून १९९१ मध्ये निवर्तलेले विल्यम पेटन यांनी मिशिगन विद्यापीठात १९५९ पर्यंत लेखाशास्त्र शिकवले. १९४० मध्ये ए. सी. लिटलटन यांच्यासह लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकाने ‘मेळ तत्त्व’, म्हणजे एखादे उत्पन्न मिळवण्यासाठी झालेला खर्च त्याच उत्पन्नाच्या कालावधीत धरण्याची रीत, सैद्धांतिक पायावर उभे केले. गंमत अशी, की मालमत्ता मूळ खरेदी किमतीनेच दाखवणारी या पुस्तकातील मांडणी खुद्द पेटन यांना पुरती पटलेली नव्हती, आणि महागाईत जुन्या किमतींवर घसारा, म्हणजे वापराने होणारी मूल्यघट, आकारल्यास नफा फुगलेला दिसतो, हा मुद्दा ते आग्रहाने मांडत राहिले.