मिशनच्या शाळेतला वसंत आणि फाटकाबाहेरचे आपले मूल

फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिल हे तीन महिने आपल्या वस्त्यांत दोन कामांचे असतात. घरात मुलांची परीक्षा आणि नाक्यावर जयंतीची वर्गणी. याच तीन महिन्यांत ख्रिस्ती शाळांमध्ये एक वेगळे कॅलेंडर चालू असते. चळवळीच्या वाचकाला त्या कॅलेंडरशी काय देणे-घेणे, असा प्रश्न कोणी विचारील. देणे-घेणे आहे आणि ते चांगलेच आहे. कारण आपली काही मुले त्या शाळांत शिकतात आणि त्याहून कितीतरी अधिक मुले त्या शाळांच्या फाटकाबाहेरून परत येतात.

ख्रिस्ती समाजाचा उपवासकाळ भस्म बुधवारी सुरू होतो. कपाळावर राखेची खूण लावून घ्यायची आणि रविवार सोडून चाळीस दिवस संयमाने राहायचे. या काळाला इंग्रजीत लेंट म्हणतात आणि त्या शब्दाच्या जुन्या रूपाचा अर्थच मुळी वसंत ऋतू असा आहे. शेवटच्या आठवड्यात झावळ्यांचा रविवार, पवित्र गुरुवार, गुड फ्रायडे आणि मग ईस्टर. २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान फिरत राहतो. साहजिकच आपल्या १४ एप्रिलशी त्याची गाठ पडते. २०१७ साली बाबासाहेबांची जयंती गुड फ्रायडेला आली होती, तर २०२२ साली पवित्र गुरुवारी.

या दिवसांत कॅथलिक शाळांमध्ये काय चालते ते पाहा. वर्गावर्गात एक डबा ठेवला जातो. वडापाव नाही खाल्ला, चॉकलेट नाही घेतले, त्याचे पैसे मुले त्या डब्यात टाकतात. कोणी किती टाकले हे विचारायचे नाही असा दंडक. कारितास इंडिया ही कॅथलिकांची संस्था दर उपवासकाळात भूक आणि रोगराईविरुद्ध देशभर निधी जमवते. त्याखेरीज धान्य, जुने कपडे, वह्या जमवल्या जातात, वृद्धाश्रमाला भेट दिली जाते. ख्रिस्ती मुले चौदा टप्प्यांची क्रूसाची वाट करतात, इतर मुलांना त्या वेळी नीतिशिक्षणाचा तास असतो. दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ होतो. मोठ्या वर्गातली मुले धाकट्यांच्या हाती पेटती मेणबत्ती देतात, आणि शिक्षकांच्या बरोबरीने शिपायाला आणि सफाई करणाऱ्या मावशींनाही व्यासपीठावर बोलावून फूल दिले जाते.

यातली एक गोष्ट आपल्या वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. पवित्र गुरुवारी चर्चमध्ये धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात, कारण येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले अशी श्रद्धा आहे. काही शाळांत हाच विधी मुख्याध्यापक विद्यार्थ्यांसाठी करतात. पूर्वी हा मान फक्त पुरुषांना होता. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन मुलामुलींचे पाय धुतले आणि जानेवारी २०१६ मध्ये नियमच बदलून स्त्रियांचा समावेश केला. ज्या देशात शूद्रातिशूद्राने वरच्याच्या पायाचे पाणी तीर्थ म्हणून प्यायचे अशी हजारो वर्षांची शिकवण आहे, त्या देशात गुरूने शिष्याच्या पायाशी बसणे ही लहान बाब नाही. आपण बुद्धाचे अनुयायी आहोत. येशूविषयीच्या श्रद्धेशी आपला संबंध नाही. परंतु वर आणि खाली ही उतरंड मोडणारी कोणतीही कृती आपल्याला परकी वाटता कामा नये.

शाळा म्हणजे केवळ टक्के नव्हेत. शाळा म्हणजे सहजीवनाची सवय. बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समता यांच्या जोडीला बंधुता ठेवली ती शोभेसाठी नव्हे. बंधुता नसेल तर उरलेल्या दोन गोष्टी कागदावरच राहतील, हे ते जाणून होते. आणि बंधुता पाठ करून येत नाही. एका डब्यात पैसे टाकून, एका मैदानात घाम गाळून, दुसऱ्याच्या दुःखासाठी आपला घास बाजूला काढून ती अंगी येते. मिशनच्या शाळांचे हे वसंतातले सामुदायिक जीवन म्हणूनच मला मोलाचे वाटते.

आपल्या समाजाचे आणि या शाळांचे नाते जुने आहे. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सावित्रीबाईंनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, मिस फॅरार यांच्या संस्थेत अध्यापनाचे धडे घेतले. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो ‘ज्ञानोदय’ या अमेरिकन मराठी मिशनच्या नियतकालिकाने १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत छापला. त्यानंतर वर्षभराने, जून १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला आणि मुंबई सरकारने त्या मुलाला दाद दिली नाही. सरकारचे दार बंद असताना मिशनचे दार उघडे होते. हे उपकार म्हणून नव्हे, इतिहास म्हणून सांगतो आहे.

पण इतिहास इथे संपत नाही. बाबासाहेबांनी मिशनरींच्या कामाची जशी दखल घेतली तशी त्याची कठोर चिकित्साही केली. धर्मांतरितांच्या स्थितीवर लिहिताना त्यांनी नेमके बोट ठेवले होते. मिशनच्या शाळा-महाविद्यालयांवर होणाऱ्या प्रचंड खर्चाचा लाभ बव्हंशी उच्चवर्णीय हिंदूंना मिळतो आणि ज्यांच्यातून बहुसंख्य ख्रिस्ती आले ते अस्पृश्य मात्र मागे राहतात, हे त्यांचे निरीक्षण होते. हा प्रश्न विचारून आता पाऊण शतकाहून अधिक काळ लोटला. आज त्याचे उत्तर काय आहे?

उत्तर शोधायला शाळेच्या फाटकापाशी जावे लागते. कारण ज्या महिन्यांत वर्गात डबा फिरतो, त्याच महिन्यांत कार्यालयात प्रवेशाचे अर्ज स्वीकारले आणि नाकारले जातात. वकिलीच्या निमित्ताने दर मार्च-एप्रिलमध्ये असे पालक माझ्याकडे येतात. सफाई कामगार असलेल्या एका बापाला एका नामांकित शाळेत तीन वेळा ‘जागा भरल्या’ असे सांगण्यात आले. मी विचारले, लेखी काही दिले का? काही नाही. नकार नेहमी तोंडी असतो. अर्जाची पोच नसते, प्रतीक्षा यादी लागत नाही आणि पालकांच्या मुलाखतीत बापाला इंग्रजी येते की नाही हे पाहिले जाते. कोणी जात विचारत नाही, पण पत्ता विचारतात. पत्त्यावरून सगळे कळते.

आता कायदा पाहू. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. त्याच्या कलम १२(१)(ग) प्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या आहेत. महाराष्ट्र सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने, सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी शाळांना यातून सूट दिली होती. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. तो गरीब पालकांचा मोठा विजय होता. पण अल्पसंख्याक शाळा या विजयाच्या बाहेर आहेत. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना वगळले आणि ६ मे २०१४ च्या प्रमाती निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अनुदानित-विनाअनुदानित अशा सर्वच अल्पसंख्याक शाळांना हा संपूर्ण कायदा लागू नाही असे ठरवले. म्हणजे २५ टक्के तर गेलेच, शिवाय प्रवेशाच्या वेळी मुलाची वा पालकांची चाळणी लावू नये हा त्या कायद्यातला नियमही गेला. १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, प्रमाती निकालाविषयी शंका व्यक्त केली आणि मोठ्या पीठासाठी तो प्रश्न सरन्यायाधीशांपुढे ठेवला.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाचा २०२१ साली प्रसिद्ध झालेला अहवाल सांगतो की ख्रिस्ती शाळांतील ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्तीतर आहेत. तोच अहवाल सांगतो की सर्व अल्पसंख्याक शाळा मिळून सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित विद्यार्थी अवघे ८.७६ टक्के आहेत. या आयोगाच्या हेतूंविषयी शंका घेता येते आणि ती घेतलीही गेली आहे. परंतु आकड्यांना उत्तर आकड्यांनीच द्यावे लागेल. दार इतरांसाठी उघडे आहे, मग ते ‘इतर’ कोण?

येथे सावध राहिले पाहिजे. हाच मुद्दा पुढे करून अल्पसंख्याकांचे अनुच्छेद ३० मोडून काढू पाहणाऱ्या शक्ती देशात आहेत. त्यांना दलितांच्या मुलाचा कळवळा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये, उपवासकाळाच्या तोंडावर, आसामात एका हिंदुत्ववादी संघटनेने ख्रिस्ती शाळांतील मूर्ती, क्रूस आणि फादर-सिस्टर यांचा पोशाखही हटवा, असा इशारा दिला होता. अशा मोर्चात आपल्या माणसाने चुकूनही उभे राहू नये. बौद्ध हासुद्धा १९९३ पासून केंद्राने अधिसूचित केलेला अल्पसंख्याक समाज आहे. अनुच्छेद ३० ही जशी त्यांची ढाल आहे तशी ती आपलीही आहे. ढाल मोडायची नाही, पण ढालीआड कोण उभे आहे हे विचारायचे.

ते विचारायला आज अनुकूल वेळ आहे, कारण चर्चनेच काही शब्द दिलेले आहेत. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करून चर्चमध्ये जातिभेद आहे हे मान्य केले. एक कोटी नव्वद लाख कॅथलिकांपैकी एक कोटी वीस लाख दलित आहेत, हेही त्यात नोंदवले. २०२४ च्या वसंतात याच परिषदेने आपल्या शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, सर्वधर्मीय प्रार्थनेसाठी खोली ठेवा आणि सकाळच्या परिपाठात राज्यघटनेच्या उद्देशिकेचे वाचन करा, असे त्यांत म्हटले होते. ज्या उद्देशिकेत बंधुता आहे ती रोज म्हणणाऱ्या शाळेने प्रवेशाच्या खिडकीवर ती विसरायची कशी?

आणखी एक अन्याय त्या वर्गातच बसलेला असतो. एका बाकावर दोन मुले. दोघांचे आजे एकाच महारवाड्यातले. एक बौद्ध झाला, त्याच्या नातवाला १९९० च्या दुरुस्तीमुळे अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळतात. दुसरा ख्रिस्ती झाला, त्याच्या नातवाला १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या परिच्छेद तीनमुळे त्या मिळत नाहीत. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ साली ही धर्माची अट काढा असे सांगितले. तरीही २०२२ साली पुन्हा नवा आयोग नेमला गेला. वर्षअखेरीस शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म आणि जात लिहिली जाते तेव्हा या दोन मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. त्या दुसऱ्या मुलासाठी बोलणे हेही आपलेच काम आहे.

मग करायचे काय? ख्रिस्ती शाळांना माझे सांगणे सरळ आहे. कायद्याने सक्ती नसली तरी स्वेच्छेने २५ टक्के जागा वस्त्यांतल्या मुलांना द्या आणि त्याची यादी फळ्यावर लावा. उपवासकाळाच्या डब्यातला काही भाग शेजारच्या झोपडपट्टीतल्या मुलांच्या फीसाठी ठेवा. १४ एप्रिलला सुटी असते, तेव्हा आदल्या दिवशी उद्देशिकेच्या शिल्पकाराविषयी मुलांना सांगा.

पालकांना सांगणे असे, की अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकार लेखी मागा. शाळा अनुदानित असेल तर माहिती अधिकारात प्रवेशाची यादी मागता येते, आणि अनुच्छेद २९(२) प्रमाणे केवळ धर्म वा जात यांवरून तिला प्रवेश नाकारता येत नाही. मूल आत गेले तर त्याच्या श्रद्धेची चिंता नको. अनुच्छेद २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेला पालकांच्या संमतीवाचून अज्ञान मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी करता येत नाही.

आणि चळवळीला सांगणे असे, की आपल्या विहारांतल्या मुलांना वसंत ऋतू आहे का? ११ एप्रिल ते १४ एप्रिल या चार दिवसांत मुलांच्या हाती आपण काय देतो? डीजेच्या भिंतीपुढे नाचणारे मूल बंधुता शिकत नाही. प्रत्येक विहारात फेब्रुवारीपासून एक डबा ठेवा, वर्गणीच्या पावतीवाचून, नावावाचून. त्यातून वस्तीतल्या एखाद्या मुलीची परीक्षा फी भरली जाऊ द्या. दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ विहारात करा आणि गटार उपसणाऱ्या कामगाराला अध्यक्षाच्या खुर्चीत बसवा. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली ती आपल्या मुलाला कोणाच्या फाटकाबाहेर ताटकळत उभे राहावे लागू नये म्हणून. ते फाटक अजून बंद आहे. येत्या मार्चमध्ये आपल्या वस्तीतल्या पाच मुलांचे अर्ज लेखी भरून, पोच घेऊन, कामाला लागू या.

जयभीम!