घरच्या कामाचा लॅपटॉप : निवड कशी करावी?

विहिरीवर पंप बसविताना जाणता शेतकरी प्रथम दुकानाची वाट धरीत नाही. विहिरीची खोली किती, पाणी किती उंचीवर चढवावयाचे व किती क्षेत्र भिजवावयाचे, हे तो आधी पाहतो आणि मगच पंपाची अश्वशक्ती ठरवितो. शक्ती कमी पडली तर पीक वाळते. जास्त घेतली तर पैसा वाया जातो. लॅपटॉपच्या खरेदीतही हाच क्रम पाळणे इष्ट होय. प्रत्यक्षात मात्र पुष्कळदा उलट घडते.

एका कोरडवाहू गावातील शेतकऱ्याने सोयाबीनचे पैसे हाती येताच, पदविका शिकणाऱ्या मुलीसाठी व शेतकरी गटाच्या हिशेबासाठी दुकानातील सर्वांत स्वस्त नवा लॅपटॉप आणला. त्यात ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण होती. वर्षाच्या आतच साठवण भरून गेली. विंडोजच्या सुधारणा घेण्यास जागा उरेना. एक पान उघडण्यास काही मिनिटे लागू लागली. दुरुस्तीस नेल्यावर कळले की, रॅम व साठवण मुख्य पट्टीवर डाख देऊन बसविलेली असल्याने वाढविता येत नाही. पैसे तर गेलेच. शिवाय ऐन परीक्षेच्या दिवसांत प्रकल्प-अहवाल लिहिण्यासाठी मुलीला रोज तालुक्याला जावे लागले.

कामाची यादी आधी

शेतकरी कुटुंबाची कामे साधारणतः ठरलेली असतात : सातबारा उतारा काढणे, महाडीबीटीवर योजनांचे अर्ज भरणे, पीक विम्याची कागदपत्रे पाहणे, गटाचा जमाखर्च ठेवणे, मुलांचे ऑनलाइन वर्ग आणि पत्रलेखन. ह्यांपैकी एकाही कामास वेगळे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. खेळांसाठी बनविलेली महाग, जड व वीज अधिक खाणारी यंत्रे ह्या कामांस अनावश्यक होत. चित्रफितींचे संपादन किंवा बांधकामाचे नकाशे काढावयाचे असतील तरच अधिक शक्तीचा विचार करावा.

पुरेसे माप कोणते?

रॅम : रॅम म्हणजे कामाचे खळे. खळे लहान असले की माल पुनःपुन्हा हलवावा लागतो. विंडोज ११ साठी ४ जीबी ही किमान अट आहे. परंतु किमान म्हणजे पुरेसे नव्हे. ८ जीबी घ्यावी व पुढे वाढविण्यास मोकळी जागा आहे काय ते विचारावे.

साठवण : साठवण म्हणजे कोठार. ती एसएसडी प्रकारची असावी. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी असते. त्यामुळे ती सावकाश चालते व धक्क्याने बिघडते. २५६ जीबी घरकामास पुरते. ५१२ जीबी असल्यास निश्चिंती. ‘ईएमएमसी’ असे लिहिलेली साठवण टाळावी. वरील शेतकऱ्याची फसगत तिच्यामुळेच झाली.

प्रोसेसर : इंटेल कोअर आय३ किंवा एएमडी रायझन ३ ह्या दर्जाचा, अलीकडील पिढीचा प्रोसेसर पुरे. केवळ नावावर जाऊ नये. जुन्या पिढीच्या आय७ पेक्षा नव्या पिढीचा आय३ कित्येकदा सरस ठरतो.

पडदा : १९२० बाय १०८० बिंदूंचा व न चकाकणारा असावा. ह्यापेक्षा कमी बिंदूंच्या पडद्यावर जमाखर्चाचे रकाने अपुरे दिसतात.

बॅटरी : तिची क्षमता वॉट-तासांत लिहिलेली असते. साध्या कामास सुमारे ८ वॉट लागतात असे धरल्यास ४२ वॉट-तासांची बॅटरी पाच तास चालेल. भारनियमनाच्या गावी हा हिशेब महत्त्वाचा आहे.

स्वस्त की किफायतशीर?

समजा, २०,००० रुपयांचे यंत्र दोन वर्षे टिकले. वर्षाचा खर्च १०,००० रुपये पडला. ३६,००० रुपयांचे यंत्र सहा वर्षे चालले तर वर्षाला ६,००० रुपयेच पडतात. बैलाची किंमत जशी त्याच्या कामाच्या वर्षांवरून करावी, तशीच यंत्राचीही करावी.

जुने यंत्र घेताना

कार्यालयांतून निघालेली, दुरुस्त केलेली यंत्रे अनेकदा मजबूत असतात व कमी पैशांत मिळतात. मात्र बैलाचे दात पाहावेत तशी प्रोसेसरची पिढी पाहावी. ‘आय५-८२५०यू’ ह्यात आडव्या रेघेनंतरचा ८ हा आठवी पिढी दाखवितो. इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ साठी साधारणपणे आठवी वा त्यापुढील पिढी लागते. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून त्याहून जुने यंत्र ‘स्वस्तात’ घेऊ नये. घरात असेच जुने यंत्र असल्यास मात्र ते टाकून न देता त्यावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली बसवून पाहावी.

दुकानात काय तपासावे?

१) यंत्र सुरू करवून ‘टास्क मॅनेजर’ उघडावा, रॅम व साठवणीचा प्रकार तेथे दिसतो.
२) सर्व कळा, कॅमेरा, ध्वनी व वायफाय पाहावे.
३) विंडोज अधिकृत व कार्यान्वित आहे काय ते पाहावे. चोरीची प्रत घेऊ नये. लेखन व हिशेबासाठी लिबर ऑफिस विनामूल्य मिळते.
४) सेवाकेंद्र जवळच्या कोणत्या शहरात आहे ते विचारावे.
५) यंत्राचा अनुक्रमांक लिहिलेले पक्के बिल व हमीपत्र घ्यावे. तक्रार उद्भवल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर नोंदविता येते.

निगा

यंत्र गादीवर ठेवून चालवू नये. हवेची छिद्रे बुजून ते तापते. धूळ व चुलीचा धूर ह्यांपासून दूर ठेवावे. विजा चमकत असता चार्जर काढून ठेवावा. महत्त्वाच्या कागदपत्रांची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर असावी.

पूर्वोक्त कुटुंबाने दुसऱ्या वेळी कामाची यादी लिहून नेली. दुकानदाराने खेळांचे यंत्र हप्त्याने घेण्याचा आग्रह केला, तो त्यांनी नाकारला आणि ८ जीबी रॅम व एसएसडी असलेले दुरुस्त केलेले यंत्र निवडले. आज मुलगी घरीच अभ्यास करते व गटाचा जमाखर्च दरमहा वेळेवर लिहिला जातो. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वरील मापे कागदावर लिहून खरेदीस निघालेल्या शेतकऱ्याच्या हाती द्यावीत. घामाचा पैसा वाचविणे हेही उत्पन्न वाढविण्याइतकेच मोलाचे आहे.